परतीचा हिशेब: मस्कत की दुबई

गेल्या महिन्यात माझी भाची आणि तिचे यजमान आमच्या चिपळूणच्या घरी मुक्कामाला आले, तेव्हा त्यांच्या सामानात कपड्यांच्या घड्यांखाली जपून ठेवलेले दोन करारनामे होते. एक मस्कतच्या कंपनीचा, दुसरा दुबईच्या. जावई यंत्र-अभियंते, भाची हिशेब तपासण्याच्या व्यवसायातली, थोरली मुलगी सात वर्षांची, धाकटा मुलगा तीन वर्षांचा, पुण्यातील सदनिकेच्या कर्जाचे बारा वर्षांचे हप्ते अद्याप बाकी, आणि माझी ताई व तिचे यजमान सत्तरीच्या उंबरठ्यावर, असा हा मध्यम स्थितीतला संसार आहे. रात्री जेवणे आटोपल्यावर भाचीने ते कागद माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "मामा, तुम्ही दोन्हीकडे संसार केलात. आम्ही कुठे जावं ते तुम्हीच सांगा." २००५ ते २०१६ अशी अकरा वर्षे मी मस्कतला आणि २०१८ ते २०२२ अशी चार वर्षे दुबईला सहकुटुंब काढली, म्हणून हा अधिकार तिने मला दिला होता. त्या रात्री मी जे बोललो ते बरेचसे विस्कळीत होते. हाच प्रश्न कोकणातल्या आणि पुण्यामुंबईच्या कितीतरी घरांत विचारला जात असल्यामुळे, जे तेव्हा नीट सांगता आले नाही ते येथे सांगण्याचा प्रयत्न करतो.

त्यांनी एका वहीत दोन्ही वेतनांचे रुपयांत रूपांतर करून बेरजा-वजाबाक्या मांडल्या होत्या, आणि दोन आकड्यांतील फरक कधी या बाजूस तर कधी त्या बाजूस झुकत असल्यामुळे त्यांची झोप उडाली होती. पगाराचा आकडा महत्त्वाचा आहे हे कोण नाकारील? परंतु ओमानचा रियाल १९८६ पासून सुमारे २.६० डॉलरला आणि अमिरातीचा दिरहम १९९७ पासून एका डॉलरला ३.६७ या भावाने बांधलेला आहे, म्हणजे एक रियाल हा साडेनऊ दिरहमांच्या आसपास आज आहे तसा पुढल्या वर्षीही असण्याचा संभव मोठा आहे. तेव्हा चलनाच्या चढउतारात या दोन देशांचा निवाडा होणार नाही. वस्तूंवरील कर दोन्हीकडे शेकडा पाच, अमिरातीत २०१८ पासून तर ओमानमध्ये २०२१ पासून. ओमानने व्यक्तिगत उत्पन्नावर २०२८ पासून शेकडा पाच कर बसवण्याचा हुकूम काढला आहे, हे वाचून जावई चिंतेत पडले होते. पण तो वर्षाकाठी ४२,००० रियालांच्या वर मिळकत असणाऱ्यांसाठी आहे आणि जावयांचे वेतन त्या रेषेपासून पुष्कळ दूर आहे.

विचाराचा आरंभ मला दुसऱ्याच ठिकाणाहून करावासा वाटतो. या दोन्ही देशांत सामान्य नोकरदार वीस वर्षे राहिला, त्याची मुले तेथेच जन्मली, तरी त्याला त्या भूमीचे नागरिकत्व मिळत नाही. त्याचा निवास नोकरीच्या खुंटीला बांधलेला असतो आणि बायकामुलांचा निवास त्याच्या निवासाला. कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियास जाणारे कुटुंब एक देश सोडून दुसरा आपलासा करण्यास निघालेले असते. आखातात जाणारे कुटुंब परत येण्यासाठीच जाते, मग ते परतणे पाच वर्षांनी होवो वा पंचवीस वर्षांनी. हे उघड सत्य ठाऊक असूनही आपण निवड करताना ते विसरतो आणि जाण्याच्या दिवसाचाच तेवढा विचार करतो. माझे मत असे की, ज्या दिवशी आपण तेथून निघू त्या दिवशी गाठीशी किती असेल, मुलगी कोणत्या इयत्तेत असेल, पत्नीचा व्यवसाय शाबूत असेल की मोडलेला असेल, आणि निघण्याची तारीख आपण ठरवलेली असेल की दुसऱ्या कोणी, या चार प्रश्नांची उत्तरे प्रत्येक देशापुरती काढावीत आणि मगच करारनाम्यावर सही करावी.

मस्कतविषयी बोलताना मला स्वतःला आवर घालावा लागतो, इतके ते गाव माझ्या मनात घर करून आहे. काळ्याकरड्या, गवताचे पातेही नसलेल्या डोंगरांच्या कुशीत पांढरीशुभ्र ठेंगणी घरे, मत्रहच्या धक्क्यावर सायंकाळी सुटणारा खारा वारा, आणि बाजाराच्या अरुंद बोळांतून दरवळणारा लोबानाचा वास, हे सारे पहिल्या आठवड्यातच ओळखीचे वाटू लागते. आणि त्या ओळखीला इतिहासाचा आधारही आहे. १९५९ साली आपल्या रिझर्व्ह बँकेने आखाती मुलखासाठी वेगळा रुपया छापला होता, आणि १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर दुबईने व कतारने जरी तो टाकून दिला, तरी ओमानात तो १९७० पर्यंत चालत राहिला. आजही तेथील रियालाच्या हजाराव्या भागाला 'बैसा' म्हणतात, तो आपलाच पैसा. सुलतान सईद बिन तैमूर हे अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकले, आणि १९३२ साली गादी सोडणारे त्यांचे वडील सुलतान तैमूर बिन फैसल यांचे १९६५ साली देहावसान झाले ते मुंबईत. परक्या मुलखात आयुष्याची अखेर कशी होते याचा विचार करताना मला नेहमी त्यांची आठवण येते.

परंतु मस्कतचे खरे वैशिष्ट्य इतिहासात नसून शेजाऱ्यापाजाऱ्यांत आहे. ओमानच्या लोकसंख्येत परकीय निम्म्याहून कमी आहेत. अमिरातीत दहांपैकी जवळजवळ नऊ माणसे परकीय. याचा अर्थ असा की मस्कतला टॅक्सी चालवणारा ओमानी, पेढीवर पैसे मोजून देणारा ओमानी, सरकारी कचेरीत तुमचा अर्ज घेणारा ओमानी, आणि भिंतीपलीकडचा शेजारीही पुष्कळदा ओमानीच असतो. आपण कोणाच्या तरी देशात राहतो आहोत ही जाणीव मुलांना तेथे रोज होते आणि ती फार निकोप जाणीव आहे. जून २००७ मध्ये गोनू नावाचे चक्रीवादळ आले, एरवी कोरड्या असणाऱ्या वाद्या, म्हणजे ओढ्यांची पात्रे, दुथडी भरून रस्ते वाहून गेले, समुद्राचे पाणी गोडे करणारे कारखाने बंद पडून मस्कतचे नळ कित्येक दिवस कोरडे राहिले. तेव्हा आमच्या शेजारच्या गृहस्थांनी आपल्या चुलत्यांच्या खजुराच्या बागेतील विहिरीचे पाणी पिंपांत भरून आणले आणि आमच्या जिन्यातल्या चारही परदेशी बिऱ्हाडांना स्वतः उचलून दिले. आमचा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. आज तो तेवीस वर्षांचा आहे, अरबी त्याला फारशी येत नाही, पण त्या गृहस्थांना तो अजूनही ईदच्या दिवशी दूरध्वनी करतो. दुबईच्या चार वर्षांत आमचे स्नेही मल्याळी, फिलिपिनो, लेबनॉनचे, लाहोरचे असे अनेक झाले आणि त्या स्नेहाची किंमत मी कमी करीत नाही. परंतु त्या चार वर्षांत अमिरातीच्या एकाही नागरिकाच्या घरी आमचे जाणे झाले नाही.

हाच शेजारी मात्र नोकरीच्या बाजारात आपला न्याय्य प्रतिस्पर्धी असतो, आणि येथे मस्कतचे पारडे वर जाते. ओमानने १९८८ पासून नोकऱ्यांचे ओमानीकरण हे राज्याचे धोरण म्हणून स्वीकारले आहे. तेलाचा भाव २०१४ च्या मध्यास पिंपामागे शंभर डॉलरच्या वर होता, तो २०१६ च्या आरंभी तिसाच्या खाली गेला, आणि तेलाच्या उत्पन्नावर मुख्यतः चालणाऱ्या त्या राज्यात तरुणांना कामे देण्याची निकड अधिकच तीव्र झाली. जानेवारी २०१८ मध्ये ८७ व्यवसायांसाठी परकीयांना नवे परवाने देणे थांबवण्यात आले आणि त्या यादीत हिशेब व वित्तव्यवहाराची कामे होती. आपल्या मुलांना आपल्या देशात आधी काम मिळावे हा कोणत्याही राष्ट्राचा हक्क आहे, आणि मी तो मनःपूर्वक मान्य करतो. आपण महाराष्ट्रात भूमिपुत्रांच्या हक्काविषयी जे बोलतो तेच ते बोलतात. परंतु माझ्या भाचीसारख्या, बारा वर्षे हिशेबाच्या व्यवसायात घालवून आपले नाव कमावलेल्या स्त्रीने मस्कतला पाऊल ठेवताना हे ओळखले पाहिजे की तिच्या व्यवसायाचा दरवाजा तेथे अर्धा लोटलेला आहे, आणि पुढील काही वर्षांत तो पुरता मिटण्याचा संभव उघडण्याच्या संभवाहून अधिक आहे.

मस्कत मी स्वखुषीने सोडले नाही, ही गोष्टही येथे सांगणे प्राप्त आहे. २०१४ पासून तेथे असा नियम होता की जुन्या मालकाचा ना-हरकत दाखला नसेल तर परकीय कामगाराला दोन वर्षे नव्या परवान्यावर देशात येता येत नाही. २०१६ साली मला दुसरीकडे चांगले काम चालून आले, तेव्हा माझी मुदत पूर्ण झाली होती, कोणतेही देणे नव्हते, तरीही ज्या कंपनीत मी अकरा वर्षे काढली तिने तो दाखला नाकारला. कारण विचारता मिळाले नाही. मुलगा नववीत होता. सहा आठवड्यांत घर मोडून, मोटार पडेल त्या भावाला विकून, आम्ही परतलो, आणि तो पुण्यातल्या नव्या शाळेत सहामाहीच्या मध्यावर जाऊन बसला. त्या वर्षी तो घरात कोणाशी मोकळेपणाने बोलत नसे. पुढे १ जानेवारी २०२१ पासून ओमानने ती अट काढून टाकली आणि करार पुरा झालेल्या माणसाला मालक बदलण्याची मोकळीक दिली. हा फार मोठा आणि स्वागतार्ह बदल आहे, आणि मस्कतविरुद्धचा माझा जुना आक्षेप त्या रात्री मी भाचीपुढे ठेवला नाही तो याच कारणाने. तरीही आपल्या जाण्याचा दिवस दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून असणे म्हणजे काय, हे मी अनुभवले आहे, आणि निवड करताना त्या दिवसाचा विचार आधी करावा असे मी आग्रहाने म्हणतो त्याचे मूळ तेथे आहे.

दुबईची प्रकृती निराळी. ते शहर परक्या माणसांसाठी, परक्या माणसांच्या श्रमांनी उभे राहिलेले असल्यामुळे परक्यांच्या ये-जा करण्याचे नियम तेथे अधिक काळजीपूर्वक आखलेले आढळतात. नवा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून अमलात आला आणि सर्व करार मुदतबंद झाले. १ जानेवारी २०२३ पासून बेकारीचा विमा सक्तीचा झाला, ज्यात १६,००० दिरहमांपर्यंत मूळ वेतन असणाऱ्याने दरमहा पाच आणि त्यावरच्याने दहा दिरहम भरले की विम्याच्या अटींत बसणारी नोकरी गेल्यास मूळ वेतनाच्या शेकडा साठ इतकी रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळू शकते. परवाना रद्द झाल्यावर देश सोडण्यासाठी पूर्वी तीस दिवस असत, आता निवासाच्या प्रकारानुसार एकशेऐंशी दिवसांपर्यंत मिळू शकतात. या तरतुदी वाचताना साध्या वाटतात. परंतु तीस दिवसांत संसार गुंडाळणे आणि मुलीचे सत्र संपेपर्यंत थांबता येणे यांतील अंतर ज्याने भोगले त्यालाच कळते. नवऱ्याच्या परवान्यावर राहणाऱ्या स्त्रीला तेथे कामाचा वेगळा परवाना काढून नोकरी करता येते, आणि हिशेब तपासणाऱ्या अनुभवी माणसाला त्या व्यापारी शहरात, विशेषतः जून २०२३ पासून कंपन्यांच्या नफ्यावर शेकडा नऊ कर लागू झाल्यापासून, कामाचा तुटवडा पडू नये.

आता खर्चाकडे वळतो, कारण दुबईचा मोह आणि दुबईचा धोका दोन्ही तेथेच एकवटलेले आहेत. घरभाडे वर्षाचे ठरते आणि ते पुढल्या तारखा घातलेल्या धनादेशांनी द्यावे लागते. धनादेश जितके कमी तितका घरमालक खूष, म्हणून चार धनादेशांऐवजी दोन दिले तर भाडे थोडे उतरते, आणि नवा आलेला माणूस ही एकरकमी उचल भागवण्यासाठी पहिल्याच महिन्यात बँकेचे कर्ज काढतो. त्यावर वार्षिक भाड्याच्या शेकडा पाच इतकी नगरपालिकेची आकारणी वीजपाण्याच्या देयकातून महिन्यामहिन्याने वसूल होते, जी करारनामा वाचताना कोणाच्या लक्षात येत नाही. भाडेकरूला संरक्षणही आहे. भाडे वाढवायचे तर मुदत संपण्याआधी नव्वद दिवस कळवावे लागते आणि घर विकण्यासाठी रिकामे करून हवे असेल तर बारा महिन्यांची रीतसर सूचना द्यावी लागते. मस्कतला सारखीच दोन खोल्यांची जागा पुष्कळ स्वस्त मिळते, मात्र मोटारीवाचून तेथे पान हलत नाही, तर दुबईत २००९ पासून मेट्रो आहे आणि कार्यालय तिच्या मार्गावर असेल तर दुसरी मोटार टाळता येते. भाडे वाचवण्यासाठी शारजास राहून रोज दुबईस येणारी कुटुंबे मी पाहिली. सकाळसंध्याकाळ मिळून तीन तास रस्त्यावर काढणाऱ्या बापाची आणि मुलांची भेट फक्त सुटीच्या दिवशी होते, आणि वाचलेल्या पैशाची ती किंमत मला कधीच रास्त वाटली नाही.

दुबईत शिल्लक पडत नाही असे अनेकजण म्हणतात. ते सर्वस्वी खरे नाही. परंतु तेथे भोवतालचे सगळेच खर्च करतात, क्रेडिट कार्ड सहज मिळते, प्रत्येक वाढदिवस एखाद्या उपाहारगृहात होतो, आणि सात वर्षांनी परतताना गाठीशी जे असते ते मस्कतहून परतणाऱ्या, कमी वेतनाच्या माणसाहून थोडे असते, हे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. या ठिकाणी जावयांना मी एक गोष्ट वारंवार सांगितली: दोन्ही करारनाम्यांत एकूण वेतनाच्या खाली 'मूळ वेतन' असा जो लहानसा आकडा आहे त्यावर बोट ठेवावे. नोकरी सोडताना मिळणारे उपदान दोन्ही देशांत मूळ वेतनावर मोजले जाते. अमिरातीत पहिली पाच वर्षे दर वर्षामागे एकवीस दिवसांचे आणि पुढे तीस दिवसांचे, ओमानमध्ये २०२३ च्या कायद्याने दर वर्षामागे एक महिन्याचे. दुबईच्या कंपनीने एकूण वेतन भरघोस लिहिले होते, पण मूळ वेतन त्याच्या निम्म्याहूनही कमी ठेवून बाकी सारे भत्त्यांत घातले होते. बेकारीच्या विम्याची रक्कमही त्याच लहान आकड्यावर ठरणार. परतीच्या दिवशी हातात पडणारा पैसा हा असा येण्याच्या दिवशीच ठरून जातो.

शाळेचा विषय मी जाणूनबुजून मागे ठेवला, कारण त्यावर मला सर्वांत अधिक बोलायचे आहे. ओमानमधील भारतीय शाळा या समाजाच्या शाळा आहेत. १९७५ साली सुरू झालेली इंडियन स्कूल मस्कत आणि तिच्यामागून देशभर निघालेल्या तिच्या भगिनी शाळा नफ्यासाठी चालत नाहीत, त्यांच्यावर एक संचालक मंडळ असते आणि त्यात पालकांनी मतदानाने निवडलेले प्रतिनिधी बसतात. फी आवाक्यातली, वर्गात मुले पुष्कळ, राजधानीतल्या शाळांत प्रवेशासाठी सोडत निघते. इमारती साध्या, शिक्षक बहुतांशी आपल्याकडचेच. दुबईतही १९६१ साली स्थापन झालेली इंडियन हायस्कूल ही ना-नफा तत्त्वावरची जुनी आणि नामांकित संस्था आहे, परंतु तेथील बहुसंख्य शाळा या खाजगी उद्योग आहेत, ज्यांची प्रतवारी सरकारचे ज्ञान व मानव विकास प्राधिकरण तपासणी करून लावत आले आहे. या तपासणीमुळे शाळांना दर्जा राखावा लागतो हे मी पाहिले, आणि ज्या मुलाला शिकण्यात विशेष साहाय्याची गरज आहे त्याची सोय दुबईत अधिक चांगली होते हेही नमूद केले पाहिजे. परंतु दोन मुलांची फी, बस, गणवेश आणि सहली यांची बेरीज मांडल्यावर भाचीच्या वेतनाचा मोठा भाग तेथेच खर्ची पडणार हे स्पष्ट दिसले.

याहून गंभीर बाब अशी की, दोन्हीकडच्या या शाळा बहुधा केंद्रीय मंडळाचा अभ्यासक्रम शिकवतात आणि मराठी हा विषय सहसा नसतो. अमिरातीत अरबी नववीपर्यंत सक्तीची, जोडीला हिंदी किंवा फ्रेंच. मराठी उरते ती जेवणाच्या ताटापुरती आणि आजीच्या दूरध्वनीपुरती. तेथील मराठी मंडळांतील उत्साही स्त्रिया आठवड्याच्या सुटीत मराठी वर्ग चालवतात, त्यांच्या निष्ठेपुढे मी नतमस्तक आहे. पण आठवड्यातला एक तास मुलाला बोलती ठेवू शकतो, लिहिती-वाचती ठेवण्यास तो पुरत नाही. माझ्या मुलाला आज मराठी वर्तमानपत्र वाचताना अडखळावे लागते, आणि हा लेखही त्याला मलाच वाचून दाखवावा लागणार आहे. अकरा वर्षांच्या बचतीच्या हिशेबात हा आकडा मी त्या वेळी कोठेच मांडला नव्हता. भाचीला मी विनवले की सातव्या वर्षी मुलीला बाराखडी उत्तम येत असेल तर ती रोज अर्धा तास तशीच चालू ठेव, मग देश कोणताही असो.

आणि दहावीचा प्रश्न तर थेट परतीच्या तारखेशीच जोडलेला आहे. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांत राज्याच्या कोट्यातून प्रवेश घ्यावयाचा तर अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांतून उत्तीर्ण झालेल्या असाव्यात, असा येथील सर्वसाधारण नियम आहे. मुलीने मस्कतला किंवा दुबईला दहावी दिली की तो मार्ग तिला बहुधा बंद होतो, आणि ही गोष्ट पुष्कळ पालकांना बारावीच्या निकालानंतर प्रवेशाच्या रांगेत उभे राहिल्यावर समजते. मुलगी आज दुसरीत आहे. ती आठवीची परीक्षा देऊन पुण्यात नववीत बसावी, म्हणजे दहावीच्या आधी तिला एक वर्ष रुळायला मिळेल, असे धरले तर भाचीच्या हातात जेमतेम सात वर्षे आहेत. ज्यांची मुले आजच सातवी-आठवीत आहेत त्यांनी या वयात त्यांना उपटून नेऊ नये, कुटुंब येथे ठेवून एकट्याने जावे किंवा जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी स्वतः नववीतल्या मुलाला उपटून आणले आहे.

मरणाचा विषय शुभकार्याच्या वेळी काढू नये असा आपल्याकडे संकेत आहे, पण मी तो मोडला. परदेशात घरधनी अकस्मात गेला तर बँकेतील खाते न्यायालयाचा हुकूम येईपर्यंत गोठते आणि विधवेला विमानाच्या तिकिटासाठी शेजाऱ्यांपुढे हात पसरावा लागतो, हे मी दुबईत आमच्याच मजल्यावर पाहिले. अमिरातीने १ फेब्रुवारी २०२३ पासून मुस्लिमेतरांसाठी स्वतंत्र दिवाणी व्यक्तिगत कायदा लागू केला आहे, आणि दुबईच्या आंतरराष्ट्रीय वित्त केंद्रात २०१५ पासून मुस्लिमेतरांना इंग्रजीत मृत्युपत्र नोंदवता येते. ते पहिल्या सहा महिन्यांत नोंदवावे, त्यात मुलांचे पालकत्व कोणाकडे जावे हेही लिहावे, आणि पत्नीच्या नावे वेगळे खाते काढून त्यात तीन महिन्यांची बेगमी ठेवावी. हा सल्ला मस्कतला जाणाऱ्यासही तितकाच लागू आहे. वृद्ध आईवडिलांच्या दृष्टीने दोन्ही शहरे सारखीच जवळ; मुंबईहून मस्कत अडीच तास, दुबई सुमारे तीन. आखात कायमचे सुरक्षित आहे असेही कोणी मानू नये. ऑगस्ट १९९० मध्ये कुवेतवर आक्रमण झाले तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना जॉर्डनच्या अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणावे लागले, आणि त्यांतील पुष्कळांच्या आयुष्याची शिल्लक कुवेतच्या बँकांत अडकून पडली होती. महिन्याची बचत महिन्यालाच मायदेशी पाठवावी, एवढे त्यातून शिकता येते.

पहाटेचे दोन वाजले होते. भाचीने विचारले, "मग मामा, तुमचा कौल कुठे?" मी म्हटले, तुझी नोकरी नसती, संसार एकट्या जावयांच्या वेतनावर चालायचा असता, तर मी डोळे मिटून मस्कत सांगितले असते, तेथे खर्च कमी, मुलांना मोकळे अंगण, शेजाऱ्यांशी ओळख, आणि जुलै ते सप्टेंबरात हजार किलोमीटरवरच्या सलालाला गेलात तर कोकणासारखी हिरवळ आणि अंगावर पावसाची भुरभुरही मिळाली असती. परंतु सात वर्षांनी तुम्ही परताल तेव्हा जावई नोकरीतून नोकरीत येतील आणि तू मात्र सात वर्षांच्या रिकामेपणातून बाहेर पडशील, एक्केचाळिसाव्या वर्षी, आपल्याहून लहानांच्या हाताखाली पहिली पायरी पुन्हा चढायला. माझ्या पत्नीने ती पायरी चढण्याचा प्रयत्न केला. ती मस्कतला जाण्यापूर्वी बँकेत होती, आणि परतल्यावर तिला कोणी दारात उभे केले नाही. त्या अकरा वर्षांच्या शिलकीतली अर्धी रक्कम तिची आहे असे मी मानतो, पण तसे मानल्याने तिचे काम तिला परत मिळाले नाही. म्हणून माझा कौल दुबईला. घर मेट्रोजवळचे लहान, धनादेश चारांहून कमी नकोत, कर्ज एकही नको, मृत्युपत्र सहा महिन्यांत, आणि मुलीची आठवी संपेल त्या मार्चअखेर परत.

ती काही वेळ गप्प राहिली. मग तिने ती वही पुढे ओढली, बेरजांची पाने उलटून टाकली, आणि कोऱ्या पानावर मुलीच्या इयत्ता एकाखाली एक लिहून प्रत्येकीपुढे वर्ष मांडले. सकाळी निघण्यापूर्वी जावयांनी दुबईच्या कंपनीला पत्र लिहिले: एकूण वेतन आहे तेवढेच ठेवून मूळ वेतन त्याच्या शेकडा साठ करता येईल काय. उत्तर अजून आलेले नाही.